वायमरानरला अंगण नको आहे

मोठा शिकारी कुत्रा फ्लॅटमध्ये ठेवावा की नाही, हा वाद श्वानप्रेमींमध्ये अधूनमधून उसळतो आणि दर वेळी त्याच दोन-तीन वाक्यांवर येऊन रुतून बसतो. एका बाजूचं म्हणणं, पस्तीस किलोच्या जनावराला चार भिंतींत कोंडणं ही क्रूरता आहे, अंगण नसेल तर आणूच नका. दुसरी बाजू म्हणते, कुत्र्याला माया लागते, चौरस फूट नाही. जीव लावला की कुठलाही कुत्रा कुठेही रुळतो. मग एखादा जाणकार येतो आणि दोघांनाही झटकून टाकतो: ज्याच्या हातात बंदूक नाही, त्यानं पॉइंटरच्या, म्हणजे वासावरून पक्षी हेरून दाखवणाऱ्या शिकारी कुत्र्याच्या, वाटेला जाऊ नये. तिघंही तावातावानं बोलतात, आणि ज्याच्याबद्दल बोलतात त्या कुत्र्याचा दिवस कसा जातो हे कुणीच विचारत नाही. माझं मत सरळ आहे. वायमरानर, जर्मन शॉर्टहेअर्ड पॉइंटर, विझ्ला या पॉइंटर जातींसाठी अंगण हा निकष निरुपयोगी आहे, बंदूक हा निकष अर्धवट आहे आणि माया हा तर निकषच नाही. घरातल्या एका माणसाचा रोजचा वेळ, तोही कुत्र्याबरोबर काहीतरी शोधण्यात घातलेला, हीच खरी कसोटी. ती लावली तर आज जागेअभावी नाकारली जाणारी काही घरं पास होतील, ऐसपैस बंगलेवाले बरेचसे नापास होतील, आणि एकुणात हा कुत्रा आजच्यापेक्षा खूपच कमी घरांत जाईल. ते योग्यच आहे.

असं का, हे कळायला या कुत्र्याचं मूळ काम नीट बघावं लागतं. कुठल्याही शिकारी प्राण्याच्या शिकारीत एक साखळी असते: हेरणं, रोखून बघणं, दबकत पुढे सरकणं, झेप, पकड, मारणं. माणसानं पिढ्यान्‌पिढ्या निवड करत पॉइंटर जातींमध्ये या साखळीचा मधला भाग ताणला आणि झेप रोखून धरली. गवतातल्या पक्ष्याचा वास आला की कुत्रा जागच्या जागी थिजतो. शेपटी ताठ, मान पुढे, पुढचा एक पाय अर्धवट उचललेला, आणि अख्ख्या अंगात फक्त नाकपुड्या हलत असतात. दोरीला बांधलेलं पीस समोर नाचवलं तर दोन महिन्यांचं पिल्लूसुद्धा हे करून दाखवतं. त्याला कुणी शिकवलेलं नसतं. पण यातली लक्षात घेण्याची गोष्ट वेगळीच आहे. तो थांबतो, कारण पुढचं काम दुसऱ्याचं आहे. उडत्या पक्ष्यावर नेम धरता येईल अशा बंदुका येण्याआधी युरोपात गवतात दबून बसलेल्या पक्ष्यांवर जाळं टाकत, आणि जाळं टाकणारा माणूस पोचेपर्यंत कुत्र्यानं पक्षी उठवायचा नसे. म्हणजे या कुत्र्याची शिकार मुळातच अर्धी आहे आणि उरलेली अर्धी माणसाकडे आहे. मेंढ्या राखणारे मोठे कुत्रे रात्र-रात्र माणसावाचून आपलं काम करतात. पॉइंटरचं काम माणसाशिवाय पुरंच होत नाही.

आता अंगणवाल्यांचा सर्वांत जोरकस मुद्दा आधी मान्य करतो. या कुत्र्याचं शरीर खरोखरच पळण्यासाठी घडलेलं आहे. वायमरानरचा नर खांद्यापाशी 59 ते 70 सेंटीमीटर उंच आणि 30 ते 40 किलो वजनाचा असतो. छाती खोल, पाय लांब, आणि शिकारीच्या दिवशी तासन्‌तास रानात वेडीवाकडी धाव घेण्याची ताकद. पट्ट्याला धरून इमारतीभोवती दोन फेऱ्या ही त्याची चेष्टा आहे, यात वाद नाही. आठवड्यातून काही वेळा तरी त्याला मोकळं, पूर्ण वेगानं पळता आलं पाहिजे. पण अंगण हे देतं का? कुंपणाच्या आतल्या जागेचा नवा वास पहिल्या पाच मिनिटांत संपतो. त्यानंतर अंगणातला पॉइंटर काय करतो ते एकदा निवांत बघा: कुंपणाच्या कडेनं दोन-तीन चकरा, फाटकापाशी एक थांबा, आणि मग मागच्या दाराच्या जाळीला नाक लावून आत स्वयंपाकघरात कोण आहे ते बघत बसणं. काही दिवसांनी तो खड्डे खणतो, कुंपणाकडेनं धावून धावून पायवाट पाडतो, पलीकडून जाणाऱ्या प्रत्येक सावलीवर भुंकतो. मालकाची समजूत मात्र अशी की कुत्रा दिवसभर ‘खेळतो’. फ्लॅटमधल्या माणसाला निदान रोज सकाळी बूट घालावेच लागतात. अंगणवाल्याला दार उघडून दिलं की कर्तव्य संपल्याचा भास होतो, आणि हा भास अंगणाच्या सगळ्या फायद्यांवर पाणी फिरवतो.

यावर हमखास मिळणारा सल्ला म्हणजे ‘त्याला दमवा’. सायकलला बांधून पळवा, तासभर चेंडू फेका, दमलेला कुत्रा शहाणा असतो. हा सल्ला देणाऱ्यांचा हेतू चांगला असतो, पण परिणाम बघा. रोज तासभर पळवलेला कुत्रा महिन्याभरात तासभर पळण्याइतका तयार होतो. मग त्याला दीड तास लागतो, मग दोन. आपण घरात एक खेळाडू घडवत असतो आणि तक्रार करतो की तो बसत नाही. शिवाय वाढीच्या वयात, हाडांची टोकं पक्की होण्याआधी, म्हणजे साधारण वर्ष-दीड वर्षाचा होईपर्यंत, सायकलमागे सक्तीनं पळवणं सांध्यांना मारक असतं. उन्हाचा प्रश्न आहेच. आतली मऊ लोकर नसलेला, आखूड केसांचा कुत्रा थंडीत कुडकुडतो आणि उन्हात धावायचं थांबवायला त्याला स्वतःहून सुचत नाही. बरं, मोकळं सोडावं तर एखाद्या पक्ष्यामागे तो क्षितिजाकडे निघून जातो आणि हाक त्याच्या कानांपर्यंत पोचतच नाही, म्हणून आधी दहा-पंधरा मीटरच्या लांब दोरावर कित्येक महिने हाकेची मेहनत घ्यावी लागते. ती टाळण्यासाठीच लोक चेंडू हातात घेतात, असा मला दाट संशय आहे.

दमवण्यापेक्षा शोधायला लावणं वेगळं. अलेक्झांड्रा हॉरोविट्झ आणि शार्लट द्युरांतों या दोन संशोधकांनी 2019 मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका छोट्या प्रयोगात घरगुती कुत्र्यांचे दोन गट केले. एका गटाच्या मालकांनी दोन आठवडे रोज वास शोधण्याचा सराव घेतला, दुसऱ्या गटानं पायाशी चालण्याचा. नंतर संदिग्ध जागी ठेवलेल्या वाडग्याकडे, ज्यात खाऊ असेल की नाही हे सांगता येत नाही अशा, कोण किती पटकन जातं ते मोजलं. नाक वापरलेले कुत्रे आधीपेक्षा लवकर जाऊ लागले, म्हणजे काहीतरी चांगलं मिळेल ही त्यांची अपेक्षा वाढली होती. पायाशी चालणाऱ्यांमध्ये तो फरक पडला नाही. वीस कुत्र्यांचा प्रयोग आहे, त्यावर फार मोठी इमारत उभारू नये. पण ज्यानं पॉइंटरला एकदा खोलीत लपवलेला हातमोजा शोधायला लावलंय, त्याला याचं आश्चर्य वाटणार नाही. कुत्रा खोलीत शिरतो तो सुसाट; शेल्फवरून, सोफ्यावरून, दोन रिकाम्या खोक्यांवरून वाऱ्यासारखा पुढे जातो. मग एका पावलावर मान मागे वळते, धड अजून पुढेच जात असतं. श्वासाचा आवाज बदलतो, लांब श्वास तुटून बारीक, भराभर हुंगणं सुरू होतं. उलट फिरून तो खोक्याच्या एका कोपऱ्यापाशी येतो, आणि खरा पॉइंटर असेल तर तिथे थिजतो आणि डोळ्यांच्या कडेनं तुमच्याकडे बघतो. बघतो, कारण उरलेलं काम तुमचं आहे. असं पंधरा मिनिटं केलं की तो ज्या गाढपणे झोपतो, तशी झोप दोन तास चेंडू फेकूनही लागत नाही. यासाठी किती अंगण लागलं?

ज्यांना हे खोलीतले खेळ म्हणजे कुत्र्याची समजूत काढणं वाटतं, त्यांनी विमानतळांकडे बघावं. स्फोटकं हुंगण्याच्या कामावर जर्मन शॉर्टहेअर्ड पॉइंटर आज अनेक ठिकाणी आहेत. अमेरिकेची वाहतूक सुरक्षा यंत्रणा हीच जात मोठ्या संख्येनं वापरते. गुळगुळीत फरशी, कृत्रिम दिवे, हजारो अनोळखी पाय, एकही तितर नाही. रानासाठी घडलेला कुत्रा तिथे हरखून काम करतो, कारण शोधायला काहीतरी आहे आणि पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला त्याचं माणूस आहे. त्याला रान नकोच असं नाही. पण रान आणि माणूस यांतलं एकच देता येत असेल तर काय द्यावं, याचं उत्तर या कुत्र्यांनी देऊन टाकलेलं आहे.

आता बंदूकवाल्यांकडे येतो. यांचा युक्तिवाद सर्वांत ताकदीचा आहे, कारण त्यामागे इतिहास आहे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जर्मनीतल्या वायमारच्या दरबाराभोवती हे करडे कुत्रे, म्हणजे वायमरानर, होते; पुढे मध्य जर्मनीतल्या व्यावसायिक शिकाऱ्यांनी आणि वनरक्षकांनी ते सांभाळले आणि 1897 मध्ये जातीचा क्लब स्थापन झाला. त्या परंपरेत आजही कामाची परीक्षा उतरल्याशिवाय कुत्र्याची वीण होत नाही आणि पिल्लं शक्यतो शिकाऱ्यांनाच दिली जातात. याउलट अमेरिका बघा. 1929 मध्ये हॉवर्ड नाइट या हौशी शिकाऱ्यानं जर्मनीतून पहिली जोडी मिळवली. ती वीण देण्यास असमर्थ करूनच पाठवली होती, असं जातीच्या इतिहासात सांगितलं जातं, इतके जर्मन लोक हात आखडते होते. 1930 च्या दशकाच्या शेवटी वीण देणारे कुत्रे तिथे पोचले, 1940 च्या दशकाच्या सुरुवातीला तिथला क्लब झाला, आणि 1950 च्या दशकात ‘करडं भूत’ या टोपणनावानं वायमरानर ही फॅशन झाली. अध्यक्ष आयझेनहॉवर यांच्याकडे हायडी नावाची वायमरानर होती. व्हाइट हाउसच्या गालिच्यावर तिनं घाण केली आणि तिची रवानगी गेटिसबर्गच्या शेतावर झाली. हायडीची गोष्ट गमतीची आहे, पण ज्या घरांना शेत नव्हतं त्यांच्या कुत्र्यांचं काय झालं असेल? आयरिश सेटर या दुसऱ्या शिकारी जातीचंही तेच. 1960 च्या दशकातल्या एका चित्रपटानं हा लाल कुत्रा घराघरांत पोचवला, 1970 च्या दशकाच्या मध्याला अमेरिकेत वर्षाला साठ हजारांच्या आसपास नोंदणी झाली, आणि पुढच्या दशकभरात ती काही हजारांवर कोसळली. त्याच्याही आधी श्वानप्रदर्शनातल्या झुलत्या केसांपायी जातीतलं शिकारीचं कसब इतकं पातळ झालं होतं की कामाचा कुत्रा वाचवण्यासाठी काही मंडळींना इंग्लिश सेटरशी संकर करावा लागला. म्हणजे बंदूकवाल्यांची भीती पोकळ नाही.

पण या इतिहासातून ते काढतात तो निष्कर्ष मला पटत नाही. जर्मन परंपरेत जात वाचली ती बंदुकीमुळे, की दारात कुणीतरी चौकशी करणारा बसला होता म्हणून? आई-बापांची परीक्षा, घेणाऱ्याची पारख, नको त्याला स्पष्ट नकार, हे तीन अडसर होते. शिकारीचा परवाना हे त्या अडसराचं तिथलं रूप होतं. परवान्याच्या माणसाकडेही कुत्रा हंगाम संपल्यावर वर्षाचे उरलेले महिने सिमेंटच्या केनेलमध्ये, म्हणजे कुत्र्याच्या कोठडीत, पडून असू शकतो, आणि असतोही. दुसरं म्हणजे ज्याला ‘मूळ काम’ म्हणतात ते किती मूळ आहे? जाळं गेलं, बंदूक आली. वायमरानरच्या पूर्वजांकडे जंगलातल्या मोठ्या जनावरांच्या मागाचंही काम होतं असं मानलं जातं. तशा शिकारीचे दिवस सरले तेव्हा पक्षी दाखवणाऱ्या कुत्र्यांशी संकर करून त्याला नव्या कामासाठी घडवण्यात आलं. जातीचं काम निदान दोनदा बदललं. दोन्ही बदलांत टिकलं ते एवढंच: नाकानं शोधायचं आणि माणसाबरोबर शोधायचं. तिसऱ्यांदा ते बदललं तर आभाळ कोसळणार नाही. फक्त तो बदल हौशीवर सोडून चालणार नाही. आज जे प्रदर्शनाच्या रिंगणात फक्त रंग आणि चाल बघून वीण करतात, त्यांच्यापेक्षा मला जर्मन शिकाऱ्याचा हट्टीपणा केव्हाही परवडतो.

राहिली ‘कुत्रा तो कुत्रा, माया द्या’ ही बाजू. तिच्या हाती 2022 पासून एक भक्कम कागद आलेला आहे. ‘सायन्स’ या विज्ञानपत्रिकेत आलेल्या त्या अभ्यासात 18 हजारांहून अधिक कुत्र्यांच्या मालकांची उत्तरं आणि 2 हजारांहून अधिक कुत्र्यांची जनुकीय माहिती तपासली, आणि एखाद्या कुत्र्याच्या वागण्यातला फरक जातीवरून जेमतेम 9 टक्के समजावता येतो असं निघालं. झालं, जात ही थाप ठरली! पण तोच अभ्यास पुढे वाचला तर सगळे गुण एका मापाचे नाहीत हेही दिसतं. कुत्रा किती लवकर चिडतो हे जातीवरून जवळजवळ सांगता येत नाही. माणसाच्या इशाऱ्याला किती प्रतिसाद देतो, यात जातींमधला फरक त्या मानानं ठळक असतो. आणि अंगाच्या ठरावीक हालचाली, ज्यांच्यासाठी शतकानुशतकं निवड झाली, त्या तर पिल्लातच दिसतात. सगळ्या गुणांच्या सरासरीवरून, पंखाची सावली दिसली की थिजणाऱ्या कुत्र्याबद्दल काहीच कळत नाही. मला या बाजूचा खरा राग वेगळ्याच कारणानं येतो. खिडकीबाहेरच्या कबुतरावर कुत्रा वीस मिनिटं एक पाय उचलून थिजलेला असतो, आणि मायाळू मालक म्हणतो, ‘काय वेडा आहे, ये इकडे, सोफ्यावर बस.’ अख्ख्या दिवसात कुत्र्यानं केलेलं एकमेव काम, आणि त्यावर ही शाबासकी.

एका बाबतीत मात्र मायावाले बरोबर आहेत आणि बाकी दोघं चूक. हा कुत्रा घराच्या आत, माणसांत राहिला पाहिजे. वायमरानर मालकाच्या मागे न्हाणीघराच्या दारापर्यंत जातो, उभ्या माणसाच्या मांडीवर अख्खा भार टाकून टेकतो. एकटं राहण्याची सवय पिल्लूपणापासून हळूहळू, मिनिटामिनिटानं लावली नाही तर दाराच्या चौकटी कुरतडतो, लाळेचं थारोळं करतो, नखं रक्ताळेपर्यंत दार खरवडतो. याला लोक ‘नाटकं’ म्हणतात. माणसाशिवाय अपुरं राहणारं जनावर आपणच घडवलं आणि आता ते माणूस मागतं म्हणून वैतागतो. आत ठेवण्याचं दुसरं कारण जिवाचं आहे. खोल छातीच्या या जातींत पोट फुगून त्याला पीळ पडण्याचा धोका नेहमीपेक्षा जास्त असतो. कुत्रा अस्वस्थ येरझाऱ्या घालतो, ओकारीचे उमाळे येतात पण बाहेर काही पडत नाही, पोट नगाऱ्यासारखं ताणतं. तिथून पुढे हाताशी काही तासच असतात, आणि उपाय एकच, ताबडतोब डॉक्टर आणि शस्त्रक्रिया. काही जण नसबंदीच्या वेळीच जठर पोटाच्या आतल्या भिंतीला टाके घालून ठेवतात, म्हणजे पोट फुगलं तरी पीळ पडण्याची शक्यता पुष्कळ कमी होते. जेवण दोन-तीन वेळांत विभागणं आणि हावरेपणानं गिळू न देणं हे तर रोजचंच. पण हे रात्री दोनला सुरू झालं आणि कुत्रा बंगल्याच्या मागच्या केनेलमध्ये असेल, तर ऐकणार कोण? पलंगाशेजारी झोपलेल्या कुत्र्याचा पहिला उमाळा तरी कानावर पडतो.

तेव्हा पिल्लू देणाऱ्यांनी आणि टाकलेल्या कुत्र्यांना नवं घर शोधणाऱ्यांनी अर्जातला ‘कुंपण आहे का, किती उंच’ हा प्रश्न खाली न्यावा आणि वर एक वेगळा प्रश्न घालावा: तुमचा एखादा साधा मंगळवार तासातासानं लिहून द्या, आणि त्यात कुत्रा कुठे आहे ते दाखवा. सणाचा नाही, रविवारचा नाही. दहा तास कुलूप असलेलं घर कितीही मोठं असो, त्याला नाही म्हणावं. दोन खोल्यांत राहणारं, पण सकाळी दीड तास आणि संध्याकाळी तासभर खरोखर मोकळं असलेलं, दिवसा कुणीतरी घरी असलेलं माणूस आलं तर त्याला जागेवरून हटकू नये. हाकेची मेहनत घेणार का, नाकाचं काम शिकणार का, पोटाच्या पिळाची लक्षणं माहीत आहेत का, एवढं विचारावं. वीण करणाऱ्यांची विक्री यानं घटेल आणि ते नाराज होतील. होऊ देत. आणि ज्यांना तो करडा रंग, ते पिवळसर डोळे पाहून राहवत नाही पण मंगळवार लिहिताना पेन अडखळतं, त्यांनी पिल्लाची चौकशी करण्याआधी दुसऱ्या कुणाचा तरी पॉइंटर आठवडाभर रोज सकाळी फिरवून आणावा. मध्ये एखाद्या दिवशी मुसळधार पाऊस लागला तर उत्तमच.